अवघड भावंड असलेल्या किशोरांचे पालकत्व

अवघड भावंड असलेल्या किशोरांचे पालकत्व हा कौटुंबिक मानसशास्त्र आणि बालविकास या शाखांमधील एक अभ्यासविषय आहे. घरातील एका अपत्याचे वर्तन, मानसिक आजार, व्यसन किंवा अपंगत्व यांमुळे पालकांचा वेळ, पैसा आणि लक्ष मुख्यत्वे त्याच्याकडे वळलेले असते. अशा घरातील दुसऱ्या, साधारणपणे १० ते १९ वर्षे वयाच्या अपत्याचे संगोपन या विषयात अभिप्रेत आहे. हे दुसरे अपत्य बहुधा 'शहाणे', 'समजूतदार' किंवा 'काही त्रास न देणारे' म्हणून ओळखले जाते आणि त्याच कारणाने त्याच्या गरजांकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक असते.

पालक अशा दोन अपत्यांना एकसारखे वागवू शकत नाहीत, हे या विषयावरील बहुतेक लेखनात गृहीत धरलेले आहे. मात्र संशोधनानुसार वागणुकीतील फरकापेक्षा त्या फरकाचे कारण मुलाला ठाऊक आहे की नाही आणि ते त्याला पटलेले आहे की नाही, याला अधिक महत्त्व असते. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी, हंगामी स्थलांतर आणि मानसिक आरोग्यसेवेचे अंतर यांमुळे या प्रश्नाला स्थानिक स्वरूप प्राप्त झाले आहे.

## संज्ञा आणि व्याप्ती

'अवघड' हे वैद्यकीय निदान नाही. भावंडाबरोबर राहताना घरातील इतरांना येणाऱ्या अनुभवाचे ते वर्णन आहे. या संज्ञेखाली साधारणपणे तीन प्रकारच्या परिस्थितींचा विचार केला जातो:

* विकासात्मक अक्षमता – स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, अतिचंचलता इत्यादी. यांत भावंडाला सतत देखरेखीची गरज असते.
* मानसिक आजार आणि व्यसन – स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, तीव्र नैराश्य, मद्य किंवा अन्य पदार्थांचे व्यसन. यांतील अनेक विकार किशोरावस्थेत किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतात. त्यामुळे कालपर्यंत खेळगडी असलेले भावंड अचानक अनोळखी वाटू लागते.
* निदान न झालेले वर्तन – आरडाओरड, मारहाण, चोरी, शाळा बुडवणे, घरातून निघून जाणे. निदान नसल्याने अशा मुलावर 'वाया गेलेले' असा शिक्का बसतो आणि भावंडाला त्याचे कारण समजत नाही.

भावंडांमधील नेहमीची भांडणे या संज्ञेत मोडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत 'भावंडस्पर्धा विकार' असा स्वतंत्र प्रकार होता. तो धाकट्या भावंडाच्या जन्मानंतर लहान मुलात दिसणाऱ्या तीव्र मत्सराविषयी असल्याने त्याचा या विषयाशी दूरचाच संबंध आहे.

मराठीत 'भावंड' हा शब्द भाऊ आणि बहीण या दोघांसाठी वापरला जातो. चुलत, मामे, आते आणि मावस नात्यांनाही तो लागू होतो. एकत्र कुटुंबात अवघड भावंड सख्खेच असेल असे नाही. एका छपराखाली वाढणाऱ्या चुलत भावाच्या व्यसनाचा किंवा आजाराचा परिणाम घरातील सर्व किशोरांवर होऊ शकतो. अशा घरात निर्णय घेणारी व्यक्ती आईवडिलांऐवजी आजोबा किंवा थोरले काका असल्यास प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

## अभ्यासाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्फ्रेड अॅडलर यांनी जन्मक्रम आणि व्यक्तिमत्त्व यांच्या संबंधाची मांडणी केली. तरीही दीर्घकाळ बालमानसशास्त्राचा भर आई आणि मूल या जोडीवरच राहिला. १९७३ मध्ये इव्हान बोसोर्मेनी-नॅगी आणि जेराल्डिन स्पार्क यांनी कुटुंबातील अदृश्य निष्ठांवरील ग्रंथात मुलावर पालकाची भूमिका लादली जाण्याच्या प्रक्रियेचे विवेचन केले. कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्व्हादोर मिनुचिन यांनीही मोठ्या कुटुंबांतील 'पालक बनलेल्या मुला'चे निरीक्षण नोंदवले होते. मिनुचिन यांच्या मते जबाबदारीच्या सीमा स्पष्ट असतील आणि तिला मोठ्यांचे पाठबळ असेल, तर अशी भूमिका मुलाला उपकारकही ठरू शकते. सीमा नसतील तेव्हा ती जड होते.

१९८२ मध्ये ज्युडी डन आणि कॅरोल केंड्रिक यांचा भावंडांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबातील 'जबरदस्तीच्या चक्रा'चा सिद्धान्त मांडला. मूल आरडाओरड करते, पालक शांततेसाठी माघार घेतात, त्यामुळे आरडाओरड उपयोगी पडते असे मूल शिकते आणि पुढच्या वेळी तिचा जोर वाढतो, असे या चक्राचे स्वरूप आहे. भावंडेही या चक्रात ओढली जातात, असे पॅटरसन यांना आढळले. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी एकाच घरातील मुले परस्परांहून इतकी भिन्न का असतात, हा प्रश्न उपस्थित केला. प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारे घर वेगळे असते, असे त्यांच्या उत्तराचे सार होते.

अमंडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ मध्ये ११ ते १३ वर्षांच्या मुलांशी बोलून पालकांच्या वागणुकीतील फरकाचा अभ्यास केला. फरक जाणवल्याचे सांगणाऱ्या मुलांनाही बहुतेक प्रसंगी तो अन्याय्य वाटला नव्हता. भावंडाचे वय, गरज किंवा स्वभाव यांचे कारण त्यांनी स्वतःच दिले. ज्यांना कारण सापडले नाही किंवा पटले नाही, त्यांच्या भावंडसंबंधात कटुता अधिक आढळली.

मानसोपचारतज्ज्ञ जीन सेफर यांचे अवघड भावंडांविषयीचे पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा घरातील 'ठीक' अपत्यात अकाली प्रौढत्व, यशस्वी होण्याची सक्ती, जगून-तरून गेल्याचा अपराधभाव आणि भावंडाची अवस्था आपल्यालाही येईल ही भीती दिसते, असे प्रतिपादन त्यांनी केले. सेफर स्वतः अशा परिस्थितीत वाढल्या होत्या. इंग्रजीत अशा अपत्याला 'काचेचे मूल' असेही म्हटले जाते. पालकांची दृष्टी त्याच्या आरपार जाऊन आजारी भावंडावर स्थिरावते, असा या उपमेचा आशय आहे.

## किशोरावर होणारे परिणाम

परिणामांचे स्वरूप भावंडाच्या अडचणीवर, दोघांच्या वयातील अंतरावर आणि घरातील मोठ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. साधारणपणे पुढील बाबी नोंदवल्या जातात.

### गरजा दडवणे

घरात आधीच ताण असल्याने किशोर स्वतःची अडचण सांगण्याचे टाळतो. ताप, परीक्षेतील अपयश, शाळेतील छळ किंवा मासिक पाळीविषयीच्या शंका सांगितल्या जात नाहीत. पालकांच्या दृष्टीने हे मूल 'निर्धास्त' असते. प्रत्यक्षात त्याच्या न बोलण्याचे मोल घर वापरत असते.

### अकाली प्रौढत्व

भावंडाला औषध देणे, त्याला शोधायला जाणे, आईची समजूत काढणे, आईवडिलांच्या भांडणात मध्यस्थी करणे अशी कामे किशोराकडे येतात. मुलींच्या वाट्याला यांतील अधिक कामे येतात. कामाचे कौतुक होते, परंतु ते नाकारण्याची मुभा नसते.

### राग, लाज आणि अपराधभाव

भावंडाचा राग येणे, त्याची लाज वाटणे आणि तसे वाटल्याबद्दल स्वतःला दोष देणे या भावना एकमेकींत मिसळलेल्या असतात. मित्रांना घरी न बोलावणे, भावंडाविषयी खोटे सांगणे किंवा ते नाहीच असे भासवणे ही त्यांची दृश्य रूपे होत. 'तो आजारी आहे, तू शहाणी आहेस ना' यांसारख्या वाक्यांनी राग नाहीसा होत नाही, तो बोलला जाणे मात्र थांबते.

### सकारात्मक परिणाम

सहानुभूती, संयम, भेदाकडे सहजतेने पाहण्याची वृत्ती आणि व्यवहारकुशलता हे गुणही अशा किशोरांत नोंदवले गेले आहेत. दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांच्या भावंडांवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण डोनाल्ड शार्प आणि लुसिल रॉसिटर यांनी २००२ मध्ये केले. त्यात प्रतिकूल परिणाम आढळला, पण सरासरीने तो मर्यादित होता. असे प्रत्येक मूल खचतेच, या समजुतीला त्यामुळे आधार मिळत नाही.

## नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूर जिल्ह्याची २४,५४,१९६ होती. नांदेडमध्ये १६ आणि लातूरमध्ये १० तालुके आहेत. दोन्ही जिल्हे राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या लातूर विभागात येतात.

### शिक्षणाची स्पर्धा

बोर्डाच्या परीक्षांतील यशामुळे १९९० च्या दशकात 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर पोहोचले. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय या संस्थांशी ते विशेषत्वाने जोडले जाते. पुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरसह नांदेडमध्येही खासगी शिकवण्यांचा मोठा विस्तार झाला. मराठवाड्यातील आणि लगतच्या भागांतील विद्यार्थी अकरावीपासून, काही त्याआधीपासूनच, या शहरांत येऊन राहतात.

शिकणाऱ्या मुलासाठी शहरात खोली भाड्याने घ्यायची, आई किंवा आजीने त्याच्यासोबत राहायचे आणि वडिलांनी गावी शेती किंवा नोकरी सांभाळायची, ही व्यवस्था येथे परिचित आहे. घरात अवघड भावंड असल्यास या व्यवस्थेतून दोन विरुद्ध परिस्थिती निर्माण होतात. एका परिस्थितीत आई शहरात जाते आणि आजारी किंवा बेशिस्त मूल गावी राहते. त्याची प्रकृती बिघडली की शहरातील किशोराला आपल्या शिक्षणामुळे हे घडले असे वाटू लागते. दुसऱ्या परिस्थितीत आई गावीच थांबते आणि शिकणारे मूल वसतिगृहात एकटे राहते. त्याला घराबाहेर पडल्याची मोकळीक मिळते, पण वर्षभराच्या शुल्काचा हिशोब त्याच्या डोक्यात सतत चालू असतो.

दोन्ही परिस्थितींत 'एक तर हाताबाहेर गेला, आता सारी भिस्त तुझ्यावर' ही अपेक्षा समान असते. अशा किशोराच्या दृष्टीने परीक्षेतील अपयश हे केवळ गुणांचे राहत नाही. आईवडिलांचे दुसरेही मूल वाया गेल्याची ती खूण ठरते. त्यामुळे चाचणीतील गुण घसरल्यावर घरी खोटे सांगणे, शिकवणी बुडवणे, झोप उडणे किंवा जेवण कमी होणे यांकडे आळस म्हणून न पाहता इशारा म्हणून पाहिले जावे, असे समुपदेशनाच्या क्षेत्रात मानले जाते.

### नातेवाइकांकडे ठेवणे

घरातील वातावरणापासून दूर ठेवण्यासाठी शहाण्या मुलाला मामाकडे, मावशीकडे किंवा आश्रमशाळेत पाठवण्याची रीत जुनी आहे. तिचा हेतू संरक्षणाचा असतो आणि अनेकदा तो साध्यही होतो. मात्र कारण न सांगता पाठवलेल्या मुलाला 'चूक त्याची, आणि घराबाहेर मी' असे वाटू शकते. जाण्याचे कारण, परत येण्याचा काळ आणि मध्यंतरी भेटीचे दिवस ठरवून सांगितल्यास ही भावना सौम्य होते.

### हंगामी स्थलांतर

बालाघाट डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. मुले मागे राहिल्यास आजी-आजोबांच्या नावाने घर चालते, पण प्रत्यक्षात थोरले मूल ते चालवते. धाकटे भावंड अवघड असेल तर त्याचा सांभाळ वर्षातील काही महिने पूर्णतः या किशोराकडे येतो. पालक फोनवरून सूचना देतात, पण नियम मोडल्यास त्याचा परिणाम घडवून आणण्याचा अधिकार किशोराला नसतो.

### लोकलज्जा आणि सोयरीक

भावंडाच्या मानसिक आजाराची वाच्यता झाल्यास इतर अपत्यांची लग्ने जुळणार नाहीत, ही भीती गोपनीयतेमागील मोठे कारण आहे. परिणामी किशोराला घरातील गोष्ट घरातच ठेवण्याची ताकीद मिळते आणि शिक्षक किंवा मित्र यांच्याशी बोलण्याचा मार्ग बंद होतो. मुलीच्या बाबतीत 'घरातल्या त्रासातून सुटेल' म्हणून लवकर लग्न उरकण्याचा विचार पुढे येतो. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार १८ वर्षांखालील मुलीचा विवाह करणे गुन्हा आहे.

आजाराला 'बाहेरची बाधा' किंवा करणी समजून देवऋषी, दर्गा किंवा अन्य स्थानी नेल्यामुळे उपचाराला उशीर होतो. अघोरी उपायांवर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. असे उपाय पाहणाऱ्या भावंडावरही त्यांचा आघात होतो. आपल्याला राग आला किंवा रडू आले, तर आपल्यालाही असेच नेतील, अशी भीती त्याच्या मनात बसू शकते.

### उपलब्ध सेवा

राज्य शासनाची ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. पुणे लातूरपासून तीनशे किलोमीटरहून अधिक आणि नांदेडपासून चारशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. रुग्णासोबत दोन्ही पालक गेल्यास घरी राहिलेल्या किशोराची व्यवस्था हा स्वतंत्र प्रश्न बनतो. नांदेडमधील विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या संस्थांची रुग्णालये असल्याने मानसोपचारासाठी प्रत्येक वेळी दूरचा प्रवास करणे आवश्यक नसते. लातूरजवळील हरंगुळ बुद्रुक येथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीचा 'संवेदना' हा सेरेब्रल पाल्सीग्रस्त मुलांसाठीचा प्रकल्प आहे.

## पालकत्वाची तत्त्वे

या विषयावरील मार्गदर्शनपर साहित्यात पुढील तत्त्वांवर सर्वसाधारण सहमती आढळते.

* कारण सांगणे – भावंडाला काय झाले आहे, ते वयानुरूप आणि खऱ्या शब्दांत सांगितले जाते. 'त्याच्या मेंदूला आजार झाला आहे, औषध चालू आहे, बरे व्हायला वेळ लागेल, हे तुझ्यामुळे झालेले नाही' इतकी माहितीही पुरेशी ठरू शकते. पालकांनाच उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगणे हेही प्रामाणिक उत्तर मानले जाते.
* फरक मान्य करणे – 'आम्हाला दोघेही सारखेच' हे वाक्य किशोराच्या रोजच्या अनुभवाशी जुळत नाही. 'आमचा जास्त वेळ त्याच्याकडे जातो, हे आम्हाला दिसते' असे म्हटल्याने वेळ वाढत नसला तरी तक्रारीला मान मिळतो.
* राखीव वेळ – रोज पंधरा-वीस मिनिटे किंवा आठवड्यातून एक ठरलेली वेळ किशोरासाठी ठेवली जाते. त्या वेळी भावंडाचा आणि गुणांचा विषय टाळला जातो. वेळेच्या लांबीपेक्षा ती न चुकवणे महत्त्वाचे असते. बाजाराला सोबत जाणे किंवा शेतावर जाताना बोलणे यांतूनही ही वेळ साधता येते.
* कामांची सीमा – किशोराकडे कोणती कामे आहेत आणि कोणती नाहीत, हे ठरवले जाते. भावंडाला जेवण वाढणे हे काम असू शकते. त्याला दारूच्या दुकानातून परत आणणे किंवा झटापटीत आवरणे हे किशोराचे काम नव्हे.
* स्वतःची जागा – दोन खोल्यांच्या घरातही कुलूप लावता येणारी पेटी, अभ्यासाचा ठरलेला कोपरा किंवा शेजारच्या घरी बसण्याची सोय करता येते. भावंडाने वस्तू फोडल्यास 'जाऊ दे, त्याला कळत नाही' असे म्हणून न थांबता ती भरून दिली जाते.
* राग बोलू देणे – किशोराने भावंडाविषयी कठोर शब्द वापरल्यास ते आधी ऐकून घेतले जातात. भावनेला मुभा, पण अपमान किंवा मारहाण यांना मनाई, अशी सीमा सुचवली जाते.
* तुलना टाळणे – 'बघ, तुझी बहीण कशी वागते' या वाक्यातून अवघड भावंडाचा अपमान होतो आणि शहाण्या भावंडाविरुद्ध त्याच्या मनात राग साठतो. कौतुकाच्या रूपातील तुलनाही याला अपवाद नाही.
* भविष्याविषयी बोलणे – 'आमच्यामागे याचे कोण करणार' हा प्रश्न किशोराने न विचारताही त्याच्या मनात असतो. पालकांनी मालमत्ता, निवृत्तिवेतन, निवासाची सोय आणि कायदेशीर पालकत्व यांविषयी काय योजले आहे, हे मोठ्या किशोराला सांगितले जाते. त्याचा सहभाग विचारला जातो, गृहीत धरला जात नाही.

पालकांपैकी एकच व्यक्ती सर्व भार उचलत असल्यास ही तत्त्वे पाळणे अवघड असते. अशा वेळी आत्या, मामा, शिक्षक किंवा शेजारी यांपैकी एका विश्वासू प्रौढ व्यक्तीने किशोराची नियमित विचारपूस करण्याची व्यवस्था उपयुक्त ठरते.

## हिंसा आणि सुरक्षितता

मरे स्ट्रॉस, रिचर्ड गेलेस आणि सुझान स्टाइनमेट्झ यांनी १९८० मध्ये अमेरिकेतील पाहणीच्या आधारे भावंडांमधील मारहाण हा कौटुंबिक हिंसेचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असल्याचे दाखवले. कोरिना टकर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात भावंडाकडून होणाऱ्या आक्रमकतेचा मुलांच्या मानसिक ताणाशी संबंध आढळला. सौम्य किंवा क्वचित घडणाऱ्या प्रकारांनाही हा संबंध लागू होता.

भांडण आणि अत्याचार यांतील फरक पुढील खुणांनी ओळखला जातो: त्रास एकाच दिशेने होतो, दोघांच्या बळात मोठी तफावत असते, पीडित मूल घरी येणे टाळते, किंवा दुखापत लपवली जाते. आजार हे हिंसेचे कारण असू शकते, पण त्यामुळे दुसऱ्या मुलाने ती सोसावी असे ठरत नाही. यासाठी घरात आधीच योजना ठरवण्याची शिफारस केली जाते. भावंड अनावर झाल्यास किशोराने कोणत्या घरी जायचे, कोणाला फोन करायचा आणि धाकट्यांना कोण नेणार, हे त्यात निश्चित केलेले असते. विळी, कुऱ्हाड, कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवली जातात. शेतकरी घरांत कीटकनाशके हाताशी असल्याने ही खबरदारी दोन्ही अपत्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

## कायदा आणि शासकीय योजना

* राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ – स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविध अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी जिल्हा पातळीवरील स्थानिक स्तर समिती १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमू शकते. आईवडिलांबरोबरच नातेवाईकही यासाठी अर्ज करू शकतात. भावंड पालक झाले तरी ती जबाबदारी नोंदलेली आणि समितीला उत्तरदायी असते.
* दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ – अपंगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजार, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे.
* मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ – हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क त्याने मान्य केला आहे.
* बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा (पोक्सो), २०१२ – भावंडाकडून झालेला लैंगिक अत्याचारही या कायद्याच्या कक्षेत येतो आणि त्याची माहिती देणे बंधनकारक आहे. आरोपी अल्पवयीन असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.
* राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम – २०१४ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात १० ते १९ वर्षे वयोगटाचे मानसिक आरोग्य आणि समुपदेशन यांचा समावेश आहे.
* दूरध्वनी सेवा – १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. संकटातील बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईतून सुरू झाला. दोन्ही क्रमांकांवर किशोर स्वतः संपर्क साधू शकतो.

या तरतुदींपैकी बहुतेक रुग्ण, अपंग व्यक्ती किंवा पीडित बालक यांच्यासाठी आहेत. निरोगी भावंड हा स्वतंत्र लाभार्थी म्हणून त्यांत दिसत नाही.

## आधारगट

डॉन मेयर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सिएटल येथे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या भावंडांसाठी 'सिबशॉप' हे खेळ आणि संवादाचे मेळावे सुरू केले. व्यसनी व्यक्तींच्या किशोरवयीन नातलगांसाठीची 'अलाटीन' ही चळवळ १९५७ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना १९८६), ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (स्थापना १९९०) आणि डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थांनी रुग्णाबरोबर कुटुंबालाही उपचारप्रक्रियेत स्थान दिले.

## मराठी संस्कृतीतील चित्रण

मराठी संतपरंपरेत भावंडांच्या जबाबदाऱ्यांचे ठळक संदर्भ आढळतात. आईवडिलांविना वाढलेल्या चार भावंडांपैकी धाकटी मुक्ताबाई, लोकांच्या वागण्याने उद्विग्न होऊन दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांची समजूत घालते, असा 'ताटीच्या अभंगां'मागील परंपरागत प्रसंग आहे. तुकारामांच्या पारंपरिक चरित्रांनुसार थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा असल्याने घरचा व्यवहार तुकारामांवर लहान वयातच येऊन पडला. दोन्ही कथांत वयाने धाकट्या असलेल्या भावंडाचे शहाणपण गौरवले गेले आहे. त्या शहाणपणाची त्याला मोजावी लागलेली किंमत कथेच्या कडेला राहते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'देवराई' (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेला शेष (अतुल कुलकर्णी) आणि त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) यांचे नाते केंद्रस्थानी आहे. रुग्णाइतकीच त्याच्या बहिणीची ओढाताण दाखवणारा हा मराठीतील उल्लेखनीय चित्रपट आहे.

## मर्यादा आणि मतभेद

'अवघड' हा शब्द अपंग किंवा आजारी मुलाला दोषी ठरवतो, असा आक्षेप अपंगहक्क चळवळीतून घेतला जातो. अडचण मुलात नसून सेवांच्या अभावात आहे, असे या मतामागील म्हणणे आहे. कुटुंबाला पुरेशी मदत मिळाली तर भावंडावरील भारही घटतो, या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे एकमत दिसते.

या विषयावरील बरेच संशोधन पाश्चात्त्य देशांतील लहान कुटुंबांवर आधारलेले आहे. थोरल्याने धाकट्याला सांभाळणे हे भारतीय कुटुंबात नेहमीचे कर्तव्य मानले जाते, त्यामुळे त्याला सरसकट लादलेले पालकत्व म्हणता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. मात्र पाहणी झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

## हेही पहा

* किशोरावस्था
* पालकत्व
* लातूर पॅटर्न
* स्वमग्नता
* स्किझोफ्रेनिया
* देवराई (चित्रपट)